वाचक विचारतात : रिसेट झाला की आकडा शून्यावर का येतो?

प्रश्न : आमचे आठ यंत्रमाग आहेत. प्रत्येकावर एसटीएम३२एफ१०३ चिपचा ‘ब्लू पिल’ हा छोटा बोर्ड लावून पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजतो. शेजारची मोटर सुरू झाली की एखादा बोर्ड रिसेट होतो आणि पिकांचा आकडा शून्य. पूर्वी एटमेगा३२८ चिपच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) दर पिकला आकडा लिहीत होतो, तर दोन दिवसांत भलतेच आकडे यायला लागले.
– यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ईईप्रॉमचे कोडे सोपे आहे. त्याच्या एका खान्याला १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. माग मिनिटाला १२० पिक मारत असेल तर ही हमी चौदा तासांच्या आत संपते. दोन दिवस टिकला, हेच जास्त झाले.

आता रॅमचे, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीचे. वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की चिप रिसेट करणाऱ्या टायमरने) किंवा प्रोग्रॅमने रिसेट केला तर रॅममधले काहीही जात नाही, कारण तिचा पुरवठा चालूच असतो. आकडा पुसतो तो तुमच्याच प्रोग्रॅममधला स्टार्टअप कोड. मेन सुरू होण्याआधी तो सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल फ्लॅशमधून (प्रोग्रॅम साठवलेल्या कायमच्या मेमरीतून) भरतो आणि उरलेल्यांवर सरसकट शून्य फिरवतो. म्हणून मोजणीचे व्हेरिएबल त्याच्या हाताबाहेर, ‘नोइनिट’ नावाच्या वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवायचे.

तुमच्या चिपला रॅम २० किलोबाइट, म्हणजे पत्ता ०x२००००००० पासून ०x२०००५००० च्या आत. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता भाग कोणत्या पत्त्यावर जाईल हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये) रॅमची लांबी २५६ बाइटने कमी करा, सुटलेल्या जागेला (०x२०००४एफ०० पासून पुढे) वेगळे नाव द्या, आणि नोइनिट सेक्शन तिथे ‘नोलोड’ (सुरुवातीला काही भरू नये) म्हणून टाका. इथे बहुतेक जण एका जागी ठेचकाळतात : स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीची जागा) रॅमच्या टोकापासून खाली उतरतो. काही स्क्रिप्टमध्ये हे टोक हिशोबाने न काढता थेट ०x२०००५००० असे लिहिलेले असते. ते तसेच राहिले तर स्टॅक खाली उतरत तुमच्या आकड्यावर बसू शकतो. बिल्ड झाल्यावर मॅप फाइल (पत्त्यांची यादी) उघडून व्हेरिएबलचा पत्ता आणि स्टॅकचे टोक, दोन्ही डोळ्यांनी बघा.

एवढ्याने भागत नाही. पहिल्यांदा वीज दिली की त्या जागेत कचराच असतो. लाईट क्षणभर डुबकी मारून आली तर त्याहून वाईट, कारण काही बिट जुने राहतात, काही उलटतात आणि आकडा खराच वाटतो. म्हणून आकड्यासोबत एक ठरलेली खूण, रचनेचा आवृत्ती क्रमांक आणि सीआरसी (माहिती बिघडली का ते सांगणारी तपासणी-संख्या) ठेवा. प्रती दोन ठेवा, आळीपाळीने लिहा, सीआरसी शेवटी. लिहिता लिहिता रिसेट आला तरी दुसरी प्रत शाबूत असते. कोणती नवी, हे कळायला प्रत्येकीत चढता क्रमांक हवा. व्हेरिएबल व्होलाटाइल करा, नाहीतर कंपायलर लिहिण्याचा क्रम आपल्या सोयीने बदलतो.

रात्री लाईट गेली तर मात्र हा उपाय कामाचा नाही. त्यासाठी याच चिपमध्ये १६ बिटांची १० बॅकअप रजिस्टर आहेत. व्हीबॅट पिनला ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल जोडला की ती टिकतात, आणि कितीही वेळा लिहिले तरी झिजत नाहीत. पॉवर आणि बॅकअप या दोन्हींचे क्लॉक चालू करून डीबीपी बिट (लिहिण्याचे कुलूप काढणारा) लावल्याशिवाय त्यांत लिहिता येत नाही. ३२ बिटांच्या आकड्याला दोन रजिस्टर लागतात. पाळीवार आकडे, कामगारवार आकडे असे जास्त साठवायचे असेल तर एमबी८५आरसी२५६व्ही ही ३२ किलोबाइटची एफरॅम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर जोडा. दर बाइटला एक लाख कोटी वेळा लिहिता येते, तेव्हा दर पिकला लिहिले तरी हरकत नाही.

चाचणी घेताना एक सांभाळा. प्रोग्रॅमर नव्याने फ्लॅश करताना स्वतःच रॅम वापरतो. तेव्हा मुद्दाम अनंत लूप टाकून वॉचडॉग चावू द्या आणि मग आकडा बघा.

प्रश्न : उसाच्या पंपावर ईएसपी३२ बोर्ड आहे. पंप किती मिनिटे चालला ते ‘आरटीसी डेटा’ व्हेरिएबलमध्ये ठेवतो. डीप स्लीपनंतर (चिपच्या गाढ झोपेनंतर) मिनिटे टिकतात, कॉन्टॅक्टर (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) पडताना बोर्ड हबकून रिसेट झाला की जातात.
– शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : आरटीसी डेटा फक्त डीप स्लीपमधून उठताना टिकतो. इतर रिसेटला त्यात पुन्हा सुरुवातीची किंमत भरली जाते. ‘आरटीसी नोइनिट’ वापरा. खूण आणि सीआरसी इथेही हवीच. ईएन बटण दाबून तपासू नका, त्याने चिपचीच वीज तुटते. लाईट जाण्यासाठी दर ५ मिनिटांनी एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधल्या कायमच्या नोंदवहीत) नोंद करा. दिवसाला ८ तास पंप चालला तरी ९६ नोंदी होतात, आणि ४ किलोबाइटच्या एका पानात १२६ बसतात, म्हणजे फ्लॅशची चिंता नको. पण मुळात रिसेट का होतो? कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्टची असेल तर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर एकमेकांशी सिरीजमध्ये जोडून ती जोडी कॉइलच्या दोन टोकांवर लावा. निम्मे दुखणे तिथेच जाईल.

प्रश्न : एसटीएम३२एफ१०३मध्ये रिसेटचे कारण वाचले तर कायम ‘रिसेट पिन’ असेच दिसते. पिन तर कुणी दाबतच नाही.
– विद्यार्थी, निपाणी

उत्तर : आतला रिसेटही ती पिन खाली ओढतो, त्यामुळे तिचा फ्लॅग (कारण नोंदवणारा बिट) दरवेळी लागतो. पॉवर-ऑन, वॉचडॉग, सॉफ्टवेअर हे फ्लॅग आधी तपासा, पिनचा सगळ्यात शेवटी. वाचून झाले की आरएमव्हीएफ बिटने ते पुसा, नाहीतर पुढच्या रिसेटला कालचेच कारण वाचाल.