हवाई दलाचं एटीसी आणि सिव्हिल एटीसी रेडिओवर वेगळं बोलतात का?

तुम्ही विचारलंय की फायटर विमानांशी बोलणारा कंट्रोलर आणि प्रवासी विमानांशी बोलणारा कंट्रोलर यांच्या बोलण्यात काय फरक असतो आणि त्यांना एकमेकांचं ऐकू येतं का. मी हवाई दलाच्या एटीसीत, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलमधे नोकरी केलीये, रिटायर होऊन आता धुळ्याला असतो, जेवढं उघड आहे तेवढं सांगतो.

फायटरवाले सगळं कोडमधेच बोलतात असं लोकांना वाटतं, तसं नाहीये भाऊ. टॉवरपुरतं बोलणं जवळजवळ सारखंच. आपल्या जळगावहून पुण्याला जाणारी एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं प्रवासी विमान बघा, जळगावच्या टॉवरमधे एअरपोर्ट अथॉरिटीचा माणूस आणि लोहगावला तिला उतरवणारा हवाई दलाचा कंट्रोलर, कारण लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हे एअर फोर्स स्टेशन आहे. पायलट तेच, रेडिओ तोच, इंग्लिश तेच, आत बसलेल्याला काही कळतही नाही. रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना पायलटने परत म्हणून दाखवायची, ती दोन्हीकडे सक्तीची. 27 मार्च 1977 ला टेनेरिफला दोन जम्बो धावपट्टीवर धडकून 583 माणसं गेली, त्यात रेडिओवरच्या गोंधळाचा मोठा वाटा होता. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द कंट्रोलर फक्त टेक-ऑफची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतो, एरवी ‘डिपार्चर’. इथे धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर फ्लाइंग शिकणारी पोरं भेटली की त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता फरक. चार फायटर फॉर्मेशनमधे, म्हणजे गटाने एकत्र उडत आले तर कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, एकच, कंट्रोलरशी फक्त लीडर बोलतो, आणि लीडरने फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली की बाकीचे नुसतं ‘टू’, ‘थ्री’, ‘फोर’ म्हणतात, बस. सिव्हिलमधे प्रत्येक विमान आपापलं पूर्ण कॉलसाइन घेऊन बोलतं. शिवाय मिलिटरी टॉवर उतरायची परवानगी देताना चाकं खाली येऊन लॉक झालीत का हे विचारून घेतो, कारण बऱ्याच फायटरमधे पायलट एकटा असतो, शेजारी चेकलिस्ट वाचणारा कोणी नसतो.

पण मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे पीएआर, प्रिसिजन अप्रोच रडार. ढग खाली आलेत, पायलटला धावपट्टी दिसत नाहीये, तेव्हा कंट्रोलर त्याला बोलून बोलून खाली आणतो, थोडा डावीकडे आहेस, ग्लाइडपाथच्या (उतरायच्या ठरलेल्या उताराच्या) किंचित वर आहेस, आता बरोबर आहेस, असं सारखं चालू. शेवटच्या टप्प्यात पायलटला आधीच सांगून ठेवलेलं असतं की आता उत्तर देऊ नकोस, आणि कंट्रोलरने पाच सेकंदांहून जास्त गप्प बसायचं नाही, कारण शांतता झाली की पायलटला वाटतं रेडिओ गेला आणि तो परत वर जातो. आजकाल सिव्हिल विमानं आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार कॉकपिटमधे दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर उतरतात, तिथे इतकं बोलावं लागत नाही. मला तरी वाटतं की माणसाच्या आवाजावर एवढा भरवसा दुसऱ्या कुठल्या कामात ठेवत नसतील.

आणि जे खरंच वेगळं आहे ते एटीसी नाहीच, ते फायटर कंट्रोल. एटीसीचं काम विमानं एकमेकांपासून लांब ठेवणं आणि फायटर कंट्रोलरचं काम आपलं विमान समोरच्याच्या जवळ, योग्य बाजूने नेऊन सोडणं, म्हणजे पार उलटं. तिथे ‘एंजल्स ट्वेंटी’ म्हणजे वीस हजार फूट, ‘बोगी’ म्हणजे ओळख न पटलेलं विमान, ‘बँडिट’ म्हणजे शत्रूचं असल्याची खात्री झालेलं. सिनेमात दाखवतात ते हेच, आणि लोक त्यालाच मिलिटरी एटीसी समजतात. हवाई दलात ही दोन्ही कामं ऍडमिन ब्रांचमधे येतात पण ट्रेनिंग वेगळं.

ऐकू येण्याचं म्हणाल तर सिव्हिलचं बोलणं व्हीएचएफ या रेडिओ पट्ट्यावर, साधारण 118 ते 137 मेगाहर्ट्झ, आणि मिलिटरीचं बरंचसं त्याच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यावर, 225 ते 400, त्यामुळे एकमेकांच्या कानावर आपोआप पडत नाही, आणि ऑपरेशनचं बोलणं तर एन्क्रिप्टेडच असू शकतं. पण हवाई दलाचं मालवाहू विमान सिव्हिल हद्दीतून जाताना व्हीएचएफवर येऊन बाकीच्यांसारखंच बोलतं. इमर्जन्सीला सिव्हिलसाठी 121.5 आणि मिलिटरीसाठी बरोबर त्याच्या दुप्पट, 243, आणि ‘मेडे’, म्हणजे जिवावरच्या संकटातली हाक, दोन्हीकडे मेडेच.