मुकी बेस गिटार आणि मोडायची मुदत ठेव

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. एक जुनी, चार तारांची बेस गिटार तुमच्या मनात भरली आहे. नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाला किल्ल्या असतात त्या हेडस्टॉकवरचा नावाचा बिल्ला पडून गेलाय, दोनपैकी एक पिकअप (तारेचा कंप विजेच्या संदेशात बदलणारा भाग) मुका आहे, तार पिळायची एक किल्ली गायब. नेकच्या मागच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान’ एवढंच लिहिलंय. विकणारा म्हणतो, सत्तरच्या दशकातली दुर्मीळ चीज आहे. त्याने मागितलेली किंमत म्हणजे तुमची दोन महिन्यांची बचत, आणि दुरुस्तीचा तुमचा अंदाज दीड महिन्याच्या बचतीचा. पैसे अडीनडीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून उभे करायचे, गिटार ठीकठाक करून खरेदीच्या दुप्पट भावाने परदेशात विकायची, असा बेत. आणि हो-नाही रविवारपर्यंत सांगायचंय.

ठेव मोडू नका. यावर जास्त लिहीत नाही. अडीनडीचा पैसा गिटारीत घातला की तो गिटार विकली जाईपर्यंत तिथेच अडकतो, आणि अडचण गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबत नाही.

आता तुमचंच गणित तुमच्याच आकड्यांनी करू. महिन्याची बचत एक धरा. खरेदी दोन, दुरुस्ती दीड, एकूण साडेतीन. दुप्पट भाव म्हणजे चार. हातात राहिला अर्धा. विक्रीचं कमिशन समजा त्या चारच्या दहा टक्के धरलं तर अर्ध्यातले शून्य दशांश चार गेले. उरला महिन्याच्या बचतीचा दहावा भाग, तोही सगळं मनासारखं झालं तर. भक्कम पेटी, पॅकिंग आणि पाठवणीचा खर्च अजून धरलेलाच नाही. तुमचे शनिवार-रविवार तर तुम्ही फुकटच मोजलेत. हा धंदा नाही. हौस म्हणून करा, मी आडवा येणार नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण असतं, आणि खरेदीआधी ते वहीत लिहून ठेवलेलं बरं.

तुमच्या पत्रातला ‘दुर्मीळ’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. कोणाला ठाऊक नसलेली वस्तू आणि दुर्मीळ वस्तू यांत फरक आहे. दुर्मीळ वस्तूमागे शोधणारे असतात. ठाऊक नसलेली स्वस्तात मिळते, आणि विकायला काढली की त्याच कारणाने पडून राहते. तुमची कुठली, हे शोधायला पैसा लागत नाही, वेळ लागतो. म्हणून तो खर्च आधी करा.

त्या पत्र्यावर फार विसंबू नका. तसाच पत्रा वेगवेगळ्या नावांच्या कितीतरी जपानी गिटारींवर सापडतो. तेव्हा कारखाना एक आणि नावं अनेक, असा मामला होता. जपानमधल्या मात्सुमोतो शहरातला मात्सुमोकू हा कारखाना १९८७ साली बंद झाला, तोपर्यंत त्याने आरिया, वेस्टोन, इलेक्ट्रा, युनिव्हॉक्स अशा नावांसाठी गिटारी बनवल्या. टेइस्को ही गिटार कंपनी १९६७ मध्ये कावाई या वाद्य कंपनीकडे गेली. म्हणजे बिल्ल्यावर जे नाव होतं, ते बहुधा माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याचं. ओळख पटवायची ती ब्रिजचा (तारा खाली जिथे टेकतात त्या भागाचा) आकार, पिकअपची झाकणं, हेडस्टॉकची कड आणि नेकचा सांधा जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडून. आतले पॉटही, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग, बघा. त्यांच्यावर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर ते अमेरिकन सीटीएस कंपनीचे. १३७७६३३ म्हणजे १९७६ सालचा तेहतिसावा आठवडा. जपानी गिटारीत असे पॉट निघाले तर बहुतेक कोणीतरी नंतर बदललेत, आणि विकणाऱ्याचं ‘सगळं ओरिजिनल’ तिथेच बारगळतं.

आणखी एक शब्द कानावर येईल, ‘लॉसूट’, म्हणजे कोर्टातला दावा. १९७७ मध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीने, म्हणजे नॉर्लिनने, आयबानेझ या जपानी गिटारींचा अमेरिकेतला व्यापार पाहणाऱ्या एल्गरवर हेडस्टॉकच्या नकलेवरून दावा लावला. दावा त्या एका कंपनीवर होता. आज मात्र त्या काळातल्या कुठल्याही जपानी नकलेला हे बिरुद चिकटवून भाव चढवतात. त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

दुरुस्तीच्या अंदाजात तुम्ही पिकअप, किल्ली, वायरिंग आणि रंग धरलाय. नेक धरलाच नाही, आणि पैसा बुडवायचा तर तोच बुडवतो. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो, आणि हे लाकूड कित्येक वर्षं तो सोसत उभं आहे. गिटार हातात आली की बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून नेकच्या कडेने बघा. पीळ असेल तर इथेच दिसतो. मग सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. जाड कागद जाईल एवढी असेल तर ठीक. पेन्सिल जात असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक सुधारणारी आतली सळई, फिरतो का, हे विकणाऱ्यालाच, तुमच्यासमोर, पाव वेढा फिरवून दाखवायला सांगा. तो म्हणाला ‘नको, राहू दे’, तर तुम्हीही राहू द्या. नेकमध्ये स्टील आहे एवढंच पत्रा सांगतो, ते फिरवून नेक सरळ करता येतं असं सांगत नाही.

मुक्या पिकअपचं निदान पाच मिनिटांत होतं. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण खोला, स्विच त्या पिकअपवर ठेवा आणि केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावा. काही हजार ओहम दिसले तर कॉइल जिवंत आहे. आकडा लाखांत गेला किंवा काहीच दिसलं नाही तर तार तुटलीय, किंवा नुसता स्विच मळलाय, किंवा वायरीचा डाग (सोल्डर) सुटलाय. स्विच आणि डाग किरकोळ कामं. कॉइल मात्र केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असते, नव्याने गुंडाळून घ्यायची तर कारागीर गाठावा लागतो आणि त्याचे पैसे होतात.

रंगाचा खर्च यादीतून खोडा. जुन्या वाद्याला नवा रंग दिला की संग्राहक पाठ फिरवतात. पैसे खर्चून किंमत कमी करण्यासारखं आहे ते. काढलेला प्रत्येक स्क्रू आणि किल्ली पिशवीत घालून ठेवा. विकताना ती पिशवीही विकली जाते.

परदेशात विकण्याबद्दल थोडं. फिंगरबोर्ड रोजवूडचा असेल तर कोणता रोजवूड, ते बघावं लागेल. रोजवूड ज्यात मोडतो त्या डाल्बर्जिया या वनस्पतिगणाच्या सगळ्या जाती २०१७ च्या सुरुवातीला साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आल्या होत्या. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवूडला ती नाही. शिवाय लांबी मोजा. नट (हेडस्टॉकजवळची तारा टेकायची पट्टी) ते ब्रिज तीस इंच भरली तर ती शॉर्ट स्केल, चौतीस भरली तर नेहमीची, आणि दोहोंची गिऱ्हाइकं वेगळी.

मीही एकदा पडलोय यात. रीळ फिरणारा जुना टेप रेकॉर्डर घेतला, ‘फक्त पट्टा बदलायचाय’ म्हणून. झाकण उघडलं तर रबरी पट्ट्याचं डांबर होऊन पुलीला चिकटलेलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. अजून वाजतो तो, पण हिशेबाच्या वहीत ते पान मी उघडत नाही.

तर माझ्या मते, खरेदी आणि दुरुस्ती मिळून तीन महिन्यांच्या बचतीपलीकडे जायचं नाही, आणि तेही चालू बचतीतून. रंग वगळला की दुरुस्ती सव्वा महिन्याच्या बचतीपर्यंत खाली यावी. अर्ध्या महिन्याची बचत अचानक निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवा. खरेदीला उरतो सव्वा. तेवढाच भाव बोला. तो दोनवर अडला तर जाऊ द्या. आणि विकायची वेळ आलीच नाही, ती घरातच राहिली, तरी या आकड्याचं तुम्हाला वाईट वाटणार नाही ना, हे घरच्यांसमोर बसून ठरवा.

रविवारी जाताना मल्टिमीटर, केबल, मोजपट्टी आणि बॅटरी न्या. पैसे सव्वा महिन्याच्या बचतीएवढेच खिशात ठेवा, कार्ड घरी.