वाकळ शिवणाऱ्या हाताला अमेरिकेत काम मिळेल का?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातून विचारले आहे की, पतीला अमेरिकेत नोकरी लागली आहे, दिवाळीनंतर निघायचे घाटते आहे, आणि गावात ब्लाउज-परकर व उन्हाळ्यात वाकळी शिवून तुमचे जे चार पैसे सुटतात त्याचे पुढे काय होणार. तिकडे मोठ्या यंत्रावर लोकांच्या गोधड्या शिवून देण्याचा व्यवसाय असतो असे तुमच्या कानावर आले आहे. तो जमेल का, चौथीतल्या मुलीच्या शाळेचे कसे होईल आणि घरची मशीन विकावी की ठेवावी, असे तुमचे प्रश्न आहेत. मी आर्वी तालुक्यातली. मिसुरी राज्यातल्या एका लहान गावात मी हाच व्यवसाय करते. व्हिसाचे प्रकार, शुल्क, मुलाखत, लसींची यादी हे सारे सरकारी संकेतस्थळांवर मिळते, ते मी इथे उगाळत नाही. तिथे जे लिहिलेले नसते तेवढे लिहिते, आणि ते लिहिताना माझे स्वतःचे काही मध्ये येईल, त्याला इलाज नाही.

आधी कामाविषयी. आपल्याकडे वाकळ बहुधा एकाच बाईची असते. जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी जमवणारी, थर लावणारी आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत नेणारी तीच. अमेरिकेत हे काम पुष्कळदा दोघींत वाटलेले असते. एक बाई नव्या कापडाचे तुकडे जोडून वरचा थर तयार करते, ज्याला इथे टॉप म्हणतात. त्यात तिचे कधी कधी वर्षही जाते. मग तो टॉप, मधला पिंजलेल्या कापसाचा थर म्हणजे बॅटिंग, आणि खालचे अस्तर, हे तिन्ही एकत्र शिवून घेण्यासाठी ती लाँगआर्म यंत्र असलेल्या दुसऱ्या बाईकडे आणून देते. ती दुसरी म्हणजे मी. आपल्या मशीनवर आपण सुईखाली कापड सरकवतो. इथे कापड दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर ताणलेले असते आणि मशीनचे डोकेच दोन्ही हातांनी धरून रुळांवरून कापडावर फिरवायचे असते. त्यामुळे वाकळ शिवता येते म्हणून हे यंत्र आपोआप येईल, असे समजू नका. मात्र ताण कळणारा हात लागतो, आणि तो तुमच्याकडे असणार.

गिऱ्हाइकाचा टॉप आला की पहिले काम मोजण्याचे. दोन्ही कडांशी आणि मधोमध अशी तीन मापे घ्यायची. कडा मध्यापेक्षा लांब भरल्या तर किनार लाटा मारणार हे ठरलेले. अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागते, म्हणजे टॉप ६० बाय ८० इंचांचा असेल तर अस्तर ६८ बाय ८८. गिऱ्हाईक हमखास ते नेमके टॉपच्याच मापाचे आणते, आणि आणखी कापड मागितले की आपण तिला खर्चात पाडतो आहोत असा चेहरा करते. मग अस्तर उलटे पसरून चौकटीच्या गोल दांड्यांवरच्या कॅनव्हासला पिनांनी टाचायचे, त्यावर बॅटिंग, त्यावर टॉप. खरी परीक्षा दोऱ्याच्या ताणाची असते. वरचा दोरा घट्ट झाला तर बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा वर ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावतो; ढिला राहिला तर खालचा दोरा अस्तरावर सरळ आडवा पडतो आणि नखाने ओढताच सुटून येतो. वर उभे राहून हे दिसत नाही. चौकटीखाली वाकायचे, बोटे अस्तरावरून फिरवायची, आणि गाठी लागल्या की थांबायचे. बहुतेकींना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी नक्षी हवी असते. त्यासाठी यंत्राच्या मागच्या बाजूला लांबलचक कागद पसरून त्यावरच्या रेषेवरून लेझरचा लाल ठिपका चालवला की पुढे सुई तीच रेषा कापडावर उमटवते. बॉबिन ओळीच्या मधोमधच संपते.

येणारे कापडही नाना तऱ्हेचे असते. कुणाच्या टॉपला कुत्र्याचे केस, कुणाच्या कापडाला सिगारेटचा वास, कुणी आत पिना तशाच विसरलेली. कधी आजी वारल्यावर पेटीत सापडलेला अर्धवट टॉप येतो. १९३०च्या मंदीत पिठाच्या आणि खुराकाच्या छापील सुती पोत्यांतून इथल्या बायांनी कपडे आणि रजया शिवल्या, त्या कापडाचा. असा टॉप हातात आला की मला युरियाची पोती उसवून खळ्यावर अंथरायला शिवलेले आमचे तळवट आठवते. असे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही, परवडत नसले तरी.

पैशाचे गणित असे. मजुरी चौरस इंचावर ठरते. साध्या नक्षीला चौरस इंचाला दोन-अडीच सेंट घेणाऱ्या पुष्कळ आहेत. ६० बाय ८० म्हणजे ४,८०० चौरस इंच, म्हणजे ९६ ते १२० डॉलर. पट्टी लावून ठिकठिकाणी वेगळी नक्षी काढायची असेल तर दर बराच चढतो, पण वेळही तसाच जातो. यातून दोरा, सुया, यंत्राची देखभाल आणि कर वजा करा. हा आकडा रुपयांत गुणून सासरी सांगू नका, कारण इथला किराणा डॉलरांतच येतो. मोठे नवे यंत्र बहुधा दहा हजार डॉलरांच्या पुढे जाते. ते आल्या आल्या घेऊ नका. कापडाच्या अनेक दुकानांत एक वर्ग केला की यंत्र तासाच्या भाड्याने मिळते; हात तिथे बसवा.

पण मुळात पैसे घेण्याची परवानगी तुम्हाला कधी मिळेल, हा प्रश्न आधी आहे. नवऱ्याच्या मागे येणाऱ्या एच-४ व्हिसावर एरवी कमाई करता येत नाही. २०१५पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल एका टप्प्यापुढे गेल्यावर. घरात बसून शिवले आणि शेजारणीकडून वीस डॉलर घेतले तरी ती कमाईच. तुमच्या बाबतीत नेमके काय लागू होते ते वकिलाला विचारा, नातेवाइकांना विचारू नका. त्या थांबण्याच्या काळात मी दान म्हणून शिवत गेले. माजी सैनिकांना रजया देणारी ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ ही संस्था २००३पासून आहे आणि तिला लाँगआर्मवर फुकट शिवून देणारे हात लागतात. त्या रजयांवर माझा हात तयार झाला. फुकट काम करताना मला राग येत असे, हेही लिहून ठेवते. शिकलेल्या बाईने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या फाईलीवर अवलंबून राहायचे, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली अजून उतरलेली नाही.

फाईलीवरून कागदपत्रांचा विषय आला. जन्माचा दाखला आत्ताच काढून पाहा. माझ्या जन्माच्या नोंदीत नाव नव्हतेच, ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात सासरी बदललेले दुसरे, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे व्ही तर कुठे डब्ल्यू. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, यावर तर प्रत्येक कागदाचे स्वतंत्र मत होते. जातपडताळणीसाठी वडिलांनी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल जपून ठेवली होती. मला वाटले तिच्यावर भागेल, पण ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. ग्रीन कार्डाच्या वेळी हे सगळे एका रेषेत आणण्यासाठी माझ्या भावाने ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत एका कार्यालयात खेटे घातले. साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर, रजिस्टर दुसऱ्या खोलीत. शेवटी राजपत्रात नाव छापून आले, दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे झाली. त्या काळात भावाशी फोनवर माझे जे बोलणे झाले, त्याची कसर आमच्यात अजून आहे. म्हणून सांगते, तुमच्या पायांनी तहसीलला जाता येते तोवर मुलीचे, तुमचे आणि पतीचे प्रत्येक नाव, प्रत्येक अक्षर जुळवून घ्या.

आता मुलीची शाळा. प्रवेशाच्या वेळी एक कागद देतात, त्यात घरात कोणती भाषा बोलता असे विचारलेले असते. मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि बहुधा त्याला वेगळ्या इंग्रजीच्या तासाला बसवतात. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी करून आला होता. तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ, गुणाकार-भागाकार मनातल्या मनात. शाळेने त्याला इंग्रजीच्या तासासाठी उठवले ते नेमके विज्ञानाच्या वेळी, म्हणजे जो एक विषय हाताने करून दाखवायचा आणि ज्यात भाषा कमी लागली असती तोच. गणितात उत्तर बरोबर असूनही गुण कापले, कारण रीत मांडली नव्हती. त्याच्या कागदावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलेले होते, जणू त्याने कुणाचे पाहून लिहिले. मी भेटायला गेले तेव्हा एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की, घरी इंग्रजीतच बोलत चला. मी मान हलवून परत आले. घरी मराठीच बोललो, पण तो त्या वर्षापासून उत्तर इंग्रजीत देऊ लागला. आज तो चांगला शिकला आहे, इंग्रजीचा तास केव्हाच सुटला, आणि तरीही त्या शाळेच्या रस्त्याने गाडी न्यायची वेळ आली की मी वळसा घालते. तुम्ही कागदावर मराठीच लिहा. फक्त कोणता विषय बुडवून तो तास घेणार हे पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर लेखी मागा. गणितात प्रत्येक पायरी लिहायची सवय मुलीला आतापासून लावा. आणि तिची मराठीची पुस्तके आणा. माझ्या मुलाला आजीचे पत्र वाचता येत नाही.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सगळे विचारतात. असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त असतो, काम सुरू झाले की कमी होतो. त्यावर लिहिण्यासारखे फार नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र लिहायला हवी. माझी आई गावात लोकांच्या वाकळी शिवत असे, पायली-दोन पायली ज्वारीवर. लोक गाठोडे आणून आमच्या सपरीत टाकत आणि महिन्याने घेऊन जात. मला त्याची लाज वाटे. मी डी.एड. केले ते त्या गाठोड्यांपासून सुटण्यासाठी, आणि डी.एड. झालेल्यांना नोकऱ्या नसल्यामुळे लग्न झाले आणि काही वर्षांनी नवऱ्यामागे इकडे आले. आज माझ्या दाराशी गाड्या थांबतात आणि लोक गाठोडी देऊन जातात. माहेरी मी बरीच वर्षे ‘डिझाइनचे काम करते’ असे सांगत होते. प्रदर्शनात रजई लागते तेव्हा टॉप करणारीचे नाव आधी आणि शिवणारीचे नंतर येते, आणि काही जणी दुसरे नाव द्यायचेच विसरतात. त्या वेळी मला राग कुणाचा येतो, त्या बाईचा की आईच्या वाकळींवर कधीच कुणाचे नाव नव्हते त्या गोष्टीचा, हे मला सांगता येत नाही. नेब्रास्कातल्या लिंकन येथे रजयांचे मोठे संग्रहालय आहे. तिथे आपल्याकडच्या रल्ली आणि कांथा या गोधड्याही जतन केलेल्या आहेत. हातमोजे घालून त्या हाताळतात. आईला हे फोनवर सांगितले तर ती म्हणाली, मग त्या पांघरते कोण?

या कामात टिकायचे असेल तर गिऱ्हाइकाच्या कामाशिवाय काही स्वतःचे ठेवा. मी अधूनमधून चौकटीवर नुसता मांजरपाट चढवते आणि मनाला येईल ते काढते. ठिपक्यांभोवती एका रेषेत वळत जाणारी रांगोळी या यंत्राला फार छान जमते, कारण इथेही सुई न उचलता घर भरत जायचे असते. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला बेतून मी एक झूल शिवली. तिच्यावर लाल, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांनी इतके काही कोंबले की गिऱ्हाईक असते तर पैसे दिले नसते. ती कुठे विकायची नाही, प्रदर्शनात द्यायची नाही. पण त्या झुलीवर सापडलेली एक वेलबुट्टी पुढे माझ्याकडे सर्वांत जास्त मागितली जाणारी नक्षी झाली. तुम्ही निघेपर्यंत रोज पाटीवर हात न उचलता रांगोळी काढण्याचा सराव करा. त्यासाठी ना परवाना लागतो ना यंत्र, आणि इथे आल्यावर पहिल्याच वर्गात त्याचा उपयोग होईल.

राहिली मशीन. ती विकू नका आणि आणूही नका. विजेची मोटर बसवलेली असेल तर इथला पुरवठा १२० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टच्या मोटरला तो पुरत नाही. पायाची असेल तर ती आणण्याच्या भाड्यात इथे साधी मशीन येते. सासूबाईंकडे तेल घालून झाकून ठेवा. अख्खी वाकळ बॅगेत भरू नका, २३ किलोच्या बॅगेत ती निम्मी जागा आणि वजन खाते. त्याऐवजी न फाडलेली दोन जुनी सुती लुगडी आणा. अस्तराला त्यांच्यासारखे मऊ कापड इथे पैसे देऊनही मिळत नाही, फक्त काठाचा जाड पट्टा चौकटीवर ताणताना पुढे-मागे होतो, तेव्हा तो आधी कापून बाजूला ठेवा.