आजी गोळी का घेते?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुण्याहून परतल्यापासून तू एकच प्रश्न धरून बसली आहेस : "पांडुरंग आहे ना, तो बघून घेईल," असे आजी येताजाता म्हणते, तर मग ती रक्तदाबाची गोळी न चुकता का घेते आणि रात्री दाराला कडी का घालते? प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी मुक्कामाला आली, त्या संध्याकाळी आजीने ज्या माउलींना पिठले-भाकरी वाढली, त्या तुला आठवत असतील. टाचांना भेगा, शेजारी उतरवून ठेवलेले पितळी तुळशीवृंदावन, बोचक्यात एक लुगडे आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. पेरणी उरकून निघालो, पाऊस मात्र अजून नीट लागलेला नाही, असे त्या शांतपणे सांगत होत्या. वारीचे मर्म मला त्या बोलण्यात दिसते. वर्षभराचे पोट ज्या पावसावर अवलंबून, त्याची वाट पाहण्याच्या दिवसांतच शेतकरी घर सोडतो आणि पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालतो. रान तयार करणे, बियाणे निवडणे, वेळेवर पेरणे हे सारे त्याने केलेले असते. पाऊस पाडणे त्याच्या हाती नसते, आणि जे हाती नाही त्याचा घोर तो विठ्ठलावर सोपवतो. गोळी घेणे ही आजीची पेरणी आहे. दिंडीतसुद्धा सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, स्वयंपाक यांची व्यवस्था आधीच लावलेली असते, आणि त्यामुळे कोणाची भक्ती उणी ठरत नाही.

देव आहे म्हणून वाईट काही घडणारच नाही, असे मात्र मी तुला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. एवढे सोसल्यावर त्यांनी भंडारा डोंगरावर एकांतात विठ्ठलाला घट्ट धरले. गेलेले काही परत मिळाले नाही; तरी दुःखातही तो सोबत आहे, या खात्रीने त्यांचे मन निवले. मला विसावा वाटतो तो याच श्रद्धेचा. आजोबांच्या मागे आजी त्या घरात एकटी राहते, आपण सातासमुद्रापार आहोत, आणि माझा जीव तिच्यासाठी रोज खालीवर होतो; ती मात्र तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते, जपमाळ ओढते आणि स्वस्थ झोपते.

तुला नव्या शाळेची धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा दप्तर रात्रीच भरून ठेव, जे अडेल ते बाईंना विचार, आणि मग हात जोडून उरलेली भीती पांडुरंगाला मोकळेपणाने सांग. तरीही झोप आली नाही, तर मला खुशाल उठव.

तुझी,
आई