चित्र छान दिसतं, पण बरोबर आहे का?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा रेंडरर, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणारा प्रोग्राम, चालू झाला, काचेच्या गोळ्यांचं पहिलं चित्र आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. आता संशोधनासाठी कोणता विषय घेऊ, असं विचारलं आहेस. त्याआधी एक सवय लावून घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहणार आहे. चित्र देखणं आलं म्हणून ते बरोबर आहे, असं धरून चालू नकोस. प्रकाशाच्या बाबतीत आपला डोळा फार उदार असतो. कोपऱ्यातली सावली हवी त्यापेक्षा फिकी असली, भिंतीवरचा उजेड थोडा कमी पडला, तरी तो चालवून घेतो.

म्हणून एक चाचणी आजच करून बघ. सगळ्या दिशांनी सारखाच उजेड येईल असं वातावरण घे आणि त्यात एकच मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, गोळा ठेव. त्याच्यावर पडणारा प्रकाश तो सगळाच्या सगळा परत फेकतो, काहीही शोषत नाही, असं ठरव. चित्रात गोळा दिसायलाच नको. मागचा उजेड आणि गोळ्यावरचा उजेड यांत फरकच उरत नाही, त्यामुळे तो पार्श्वभूमीत पूर्ण मिसळून जायला हवा. कडेला पुसटशी रेघ जरी दिसली, तरी कुठेतरी ऊर्जा गळते आहे किंवा नसलेली ऊर्जा तयार होते आहे. गोळा जवळपास एक तृतीयांश उजेडाचा दिसला, तर पायने, म्हणजे ३.१४ने, एकदा जास्त भागलं गेलं आहे. मॅट पृष्ठभागाच्या सूत्रात पाय भागाकारात असतो. दिशा पृष्ठभागाच्या लंबाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात निवडल्या की संभाव्यतेच्या घनतेतही कोसाइन आणि पाय येतात, आणि सगळे एकमेकांना खोडून टाकतात. कोडमध्ये हे खोडणं एकदाच झालं आहे ना, ते कागदावर मांडून तपास.

ही तपासणी चालू असताना डीनॉइझर, म्हणजे चित्रातले ठिपके पुसून ते गुळगुळीत करणारं साधन, बंद ठेव. फार चमकणारे पिक्सेल कापून टाकणारी ओळही काढून टाक. दोन्ही साधनं कामाची आहेत, पण ती चूक झाकतात, आणि तुला सध्या चूक उघडी पडलेली हवी आहे. नॉइजला, म्हणजे त्या ठिपक्यांच्या कचकचीला, घाबरू नकोस. तो प्रामाणिक असतो आणि ठरल्या नियमानं कमी होतो. सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडलेले किरण, चौपट केले की तो निम्मा व्हायला हवा. सॅम्पलची संख्या आणि चूक यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन काढ. उणे अर्ध्या उताराची सरळ रेघ मिळाली तर ठीक. रेघ पुढे जाऊन आडवी व्हायला लागली, तर तुझं उत्तर भलत्याच चित्राकडे चाललं आहे आणि सॅम्पल कितीही वाढवले तरी ते सुधारणार नाही.

जुने शोधनिबंध मुळातून वाच. टर्नर व्हिटेड यांच्या १९८०च्या निबंधात हिशेब दिला आहे: साध्या दृश्यातही सुमारे ७५ टक्के वेळ किरण कुठे आदळतो हे शोधण्यात जातो, आणि गुंतागुंतीच्या दृश्यात तो ९५ टक्क्यांच्याही वर जातो. वस्तूंभोवती पेट्या कल्पून त्यांचं झाड, म्हणजे मोठ्या पेटीत लहान पेट्या अशी उतरंड, बांधायची धडपड का सुरू झाली, हे या दोन आकड्यांतून कळतं. २०१८पासून बाजारातल्या ग्राफिक्स कार्डांमध्ये हे झाड चालून जाणारी वेगळी यंत्रणाच आली आहे, म्हणून निव्वळ वेगाचा विषय तू घेऊ नयेस असं माझं मत आहे. जेम्स काजिया यांचं १९८६चं समीकरण मात्र पाठ होईपर्यंत वाच. एका बिंदूचा उजेड इतर बिंदूंच्या उजेडावर, त्यांचा आणखी इतरांच्या, अशी सगळी गुंतागुंत त्यांनी एका ओळीत बसवली आहे.

मग एरिक व्हीच यांचा १९९७चा प्रबंध. त्यातल्या एका चित्रापाशी थांब. कमी-जास्त चकचकीत चार पट्ट्या आणि त्यांच्यावर लहान-मोठे दिवे, एवढंच त्यात आहे. दिव्यावरचा बिंदू निवडून किरण सोडला, तर मोठ्या दिव्याचं चकचकीत पट्टीतलं प्रतिबिंब नॉइजनं भरतं. पृष्ठभागाच्या गुणधर्मानुसार दिशा निवडली, तर खडबडीत पट्टीवर लहान दिवा हाती लागत नाही. व्हीच आणि त्यांचे मार्गदर्शक गिबास यांनी दोन्ही तऱ्हांचे सॅम्पल घेतले आणि तो मार्ग कोणत्या तऱ्हेनं सापडायची शक्यता किती होती, त्या प्रमाणात वजन दिलं. कुठलीच पद्धत सगळीकडे चांगली नसते हे मान्य करून काढलेला हा तोडगा मला फार आवडतो. तूही तुझी पद्धत जिथे हरते ती चित्रं निबंधात छाप. आणि तुलना नेहमी सारख्या वेळेवर कर. सारख्या सॅम्पलवर केलेल्या तुलनेत महागडी पद्धत उगाच जिंकते.

आता विषय. काचेच्या गुळगुळीत आवरणातला लहान दिवा घे आणि त्याखाली टेबलावर उमटणारा प्रकाशाचा नक्षीदार डाग काढायचा प्रयत्न कर. दिव्याकडे सरळ सोडलेला किरण काचेवर अडतो, आणि नुसत्या नशिबानं योग्य वळण घेऊन दिव्यापर्यंत पोचणारे किरण विरळा असतात. दिवा लहान करत एका बिंदूवर आणलास, तर ती शक्यता शून्यच होते. दिव्याकडून किरण सोडले तर डाग सापडतो. पण तोच डाग काचेतून किंवा आरशात पाहायचा झाला, तर दोन्ही टोकांकडून मार्ग जोडणारी पद्धतही थकते. दिव्यातून निघालेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जिथे पडतील तिथे साठवून उजेडाचा अंदाज बांधला की डाग दिसतो, पण थोडा पसरट होऊन, म्हणजे पुन्हा त्या आडव्या होणाऱ्या रेघेचा प्रश्न आला. सुरुवातीला नवं काही शोधायला जाऊ नकोस. हे एकच दृश्य या सगळ्या पद्धतींनी काढ, प्रत्येकीचा आलेख शेजारी ठेव आणि कोणती कुठे, कशामुळे अडते ते मला लिही.