द्विध्रुवी (बायपोलर) आजारातल्या नैराश्यात लिथियम हे औषध लागू पडेल का, हे रक्तातील जनुकांवरून कळते का?

नेहमीच्या उपचारात, आज तरी नाही. द्विध्रुवी नैराश्याच्या रुग्णांना फक्त लिथियम देऊन केलेला रक्ताचा एक छोटा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. ज्यांना लिथियम लागू पडले, त्यांच्यात पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या बीसीएल-२ जनुकाची अभिव्यक्ती (जनुक किती काम करते ते) वाढली आणि पेशीमृत्यूकडे नेणाऱ्या बॅड व बॅक-१ या जनुकांची घटली. लिथियम मेंदूतील मज्जापेशींना जपते या मताशी हे जुळते खरे. पण नमुना मेंदूचा नसून रक्तातील पांढऱ्या पेशींचा असतो, आणि लिथियम मुळातच न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढवत असल्याने जनुकाचे काम बदलले की पेशींचे प्रमाण, हे आधी वेगळे काढावे लागते. तूर्त कामाची रक्ततपासणी साधीच आहे: शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजलेली लिथियमची पातळी, जोडीला थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन.