विडंबन, विटंबना आणि संकासुराचा शंख

कुडाळहून प्रश्न आलाय. त्यांच्या वाडीतल्या पोरांनी जत्रेत छोटं नाटुकलं केलं. रावण आधारकार्ड काढायला तालुक्याला जातो आणि दहा तोंडांपैकी फोटो कुठल्या तोंडाचा काढायचा, यावरून कारकुनाशी हुज्जत घालतो. पत्रिकेत ‘रामायणाचे विडंबन’ छापलं होतं. देवळाचे एक मानकरी म्हणाले, ही तर विटंबना. ‘यातला बरोबर शब्द कुठला?’

पुतळ्याची होते ती विटंबना, कवितेचं होतं ते विडंबन. एवढं सगळ्यांना कळतं, त्यावर शाई घालवत नाही. माझा राग आहे तो लाऊडस्पीकरवरच्या निवेदकांवर. ‘आता सादर होत आहे विटंबनात्मक नाटक!’ अहो, विटंबना करणार असाल तर निदान जाहीर तरी करू नका. पोलीस बंदोबस्ताला तिथेच उभे असतात.

गंमत अशी की दोन्ही शब्द मुळात एकच. संस्कृतातल्या ‘विडम्बना’तल्या डचा मराठीत ट झाला आणि अपमानाचा अर्थ त्या ट-वाल्या रूपाकडे गेला. शुद्धलेखनाचे काही कैवारी ‘विटंबना’ला अपभ्रंश म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. भाषेने एका शब्दाचे दोन करून दोघांना वेगळी कामं दिली, तर त्यात बिघडलं काय?

पण ‘विडम्ब्’चा मला आवडणारा अर्थ टिंगलीचा नाहीच. तो आहे नक्कल करण्याचा, सोंग घेण्याचा. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू रघुराजाचं सोंग घेतो. कमळाचं छत्र धरतो, काशफुलांच्या चवऱ्या ढाळतो, आणि कालिदास म्हणतो, ‘ऋतुर्विडम्बयामास न पुनः प्राप तच्छ्रियम्’. नक्कल केली, पण राजाचं तेज काही मिळालं नाही. आपल्याकडे दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातल्या नटाबद्दल म्हणतात ना, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’, ते याहून वेगळं काय आहे?

आणि आता माझा सगळ्यात लाडका दाखला. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करते. ती म्हणते, तुझ्या मनात काय आहे ते कुणालाच कळत नाही, कारण तू जे करतोस ते ‘नृणां विडम्बनम्’, माणसांची नक्कल! म्हणजे अवतार हेच विडंबन. देवाने माणसाचं सोंग घेतलं. मग आमच्या धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या खेळात, माणूस रातभर देवाचं सोंग घेतो, ती नुसती परतफेड. मानकऱ्यांना हे सांगा. पत्रिका बदलायची गरज नाही.

‘विडंबन’ हा शब्द केशवकुमारांच्या (म्हणजे आचार्य अत्र्यांच्या) ‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांच्या संग्रहाने, म्हणजे 1925 साली, मराठीला दिला असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. त्या पुस्तकाने शब्दाला प्रतिष्ठा दिली, हे मान्य. जन्म दिला म्हणणाऱ्यांनी कालिदासाला झेंडूची फुले वाचायला पाठवावं.

असो. सोंगांचा विषय निघालाच आहे, तर संकासुराला टाळून पुढे जाता येणार नाही. मूळचा तो शंखासुर. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात तो वेद चोरतो आणि विष्णू मत्स्यरूपाने त्याला मारतो. आमच्या जत्राही कार्तिकातच सुरू होतात. पण पुराणातला हा भयंकर दैत्य दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, येतो तो काळ्या कपड्यांत, उंच टोपी घालून, मालवणी बोलत आणि लोकांना हसवत. वेद चोरून हाडलंय खरे, पण वाचूक येता कोणाक, असा त्याचा एकूण थाट. संवाद लिहिलेले नसतात. त्यामुळे त्या वर्षीचा रस्ता, विजेचं बिल, सरपंच, सगळे त्याच्या तोंडात येतात. पुराणाला आजचे कपडे घालणं हा आजकालच्या पोरांचा शोध नव्हे.

आणि इथेच माझा जुना हट्ट. ‘तो अगदी शंख आहे’ म्हणजे मठ्ठ आहे, असं आपण म्हणतो. का? शंख आतून पोकळ असतो म्हणून, हे उत्तर कोशवाले सज्जन बसल्या जागी देतात. पोकळ तर बांबूही असतो, ढोलही असतो. मूर्खाला ‘तो अगदी ढोल आहे’ कुणी म्हणतं का? शिवाय शंख पूजेतला, विष्णूच्या हातातला, त्याला शिवी कशी चिकटली? माझं म्हणणं, हा शंख समुद्रातला नव्हेच, रंगमंचावरचा आहे. वेद हातात आणि अक्कल शून्य, असा शंखासुर पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या लोकांनी ‘काय शंख आहे’ म्हटलं असणार. यावर आक्षेप येतो की हा शब्द घाटावरही चालतो आणि तिथे दशावतार कुठे? अहो, निम्मं कोकण मुंबईच्या गिरण्यांत गेलं, ते काय तोंड शिवून गेलं होतं?